क्विल्ट्स ऑफ व्हॅलर : एका आईच्या स्वप्नापासून तीन लाख गोधड्यांपर्यंत

मंडळाच्या स्मरणिकेत मंडळाबाहेरच्या संस्थेचा इतिहास कशाला, असा प्रश्न संपादक मंडळाच्या बैठकीत निघालाच. त्याचे उत्तर असे, की आपल्या काही सभासद बायका महिन्यातून एका शनिवारी शिवणयंत्रे गाडीत घालून बाहेर पडतात, त्या कुठे जातात आणि दिवसभर काय करतात हे निम्म्या मंडळाला ठाऊक नाही. घरच्यांना एवढेच ठाऊक, की त्या दिवशी जेवण फ्रिजमध्ये असते आणि ते आपले आपण गरम करून घ्यायचे असते.

त्या जातात ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’च्या एका स्थानिक गटात. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी क्विल्ट, म्हणजे आपल्या गोधडीची अमेरिकन बहीण, शिवणारी ही संस्था २००३ साली सुरू झाली. आजवर तीन लाखांहून अधिक क्विल्ट तिने सैनिकांच्या खांद्यांवर घातल्या आहेत. शिवणारे बहुतेक सगळे बिनपगारी. कापडही ज्याचे त्याने आणलेले.

सुरुवात झाली डेलावेअरमध्ये. आकाराने शेवटून दुसरे असलेले हे राज्य वरपासून खालपर्यंत शंभर मैलही भरत नाही. त्याच्या मध्यावर डोव्हरचा हवाई तळ आहे. परदेशात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शवपेट्या विमानातून पहिल्यांदा उतरतात त्या इथे. त्या पेट्यांची छायाचित्रे घ्यायला २००९ पर्यंत सरकारची मनाई होती, पण आपल्या राज्यात काय उतरते हे डेलावेअरच्या माणसांना सांगावे लागत नव्हते. डोव्हरच्या दक्षिणेला सीफर्ड नावाचे छोटे गाव आहे. संस्थेच्या संस्थापक कॅथरीन रॉबर्ट्स तिथे राहत होत्या. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला आणि त्या वर्षी त्यांचा मुलगा नॅथनिएल तिकडे गेला. त्याचे काम हमवी गाडीवरच्या बंदूकधाऱ्याचे. हा माणूस गाडीच्या छताला पाडलेल्या भोकातून कमरेपर्यंत बाहेर असतो, आणि तेव्हाच्या हमवींना धड चिलखतही नव्हते. रस्त्याच्या कडेला पुरलेला बॉम्ब फुटला तर पहिला फटका कोणाला, हे त्याच्या आईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अशा दिवसांत रॉबर्ट्सबाईंना एक स्वप्न पडले. संस्था ही हकीकत अजून आवर्जून सांगते. मध्यरात्र आहे, एक तरुण पलंगाच्या कडेवर वाकून बसला आहे, युद्धात पाहिलेली भुते त्याला घेरून खाली ओढत आहेत. मग सिनेमातले दृश्य बदलावे तसे झाले. तोच तरुण क्विल्ट लपेटून बसलेला दिसला आणि त्याच्या चेहऱ्यावरची कळा पार बदललेली होती. स्वप्नात दृष्टांत होऊन बांधलेली देवळे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे मराठी माणसाला इथवर काही नवल वाटू नये. मला नवल वाटते ते पुढच्या तपशिलाचे. या दृष्टांताबरोबर कामाची वाटणीही आली होती : एकीने वरचा थर जोडायचा, दुसरीने तो शिवून पक्का करायचा, वेळ आणि कापड दोघींनी आपापले द्यायचे. शिवाय वस्तूचे नावही तयार. आपल्याकडे दृष्टांत देणाऱ्या देवाने देवळाचे अंदाजपत्रक दिल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

ही वाटणी संस्थेच्या यशाचे निम्मे कारण आहे, म्हणून थोडी फोड करून सांगते. क्विल्टला तीन थर असतात. वरचा थर रंगीत तुकडे जोडून केलेला, त्याला इथे नुसते ‘टॉप’ म्हणतात. मध्ये कापसाचा किंवा कापूस-पॉलिएस्टरचा पातळ गादीसारखा थर, खाली अस्तर. हे तिन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून सगळ्या अंगभर जे टाके घालतात ते खरे क्विल्टिंग. आपली आजी जमिनीवर जुनी लुगडी अंथरून, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायची, त्यात हे सगळे एकाच हाताचे काम होते. लुगडी मऊ असायची, कापूस नसायचा, त्यामुळे ते जमून जायचे. मध्ये कापूस आला, की हाताने पूर्ण क्विल्ट टाचायला महिने लागतात, आणि घरच्या शिवणयंत्राच्या मानेखालून एवढे मोठे बोचके सरकवणे म्हणजे खांद्याचे दुखणे ओढवून घेणे.

त्यावर इथे लाँगआर्म नावाचे यंत्र निघाले. दहा-बारा फुटांच्या लोखंडी चौकटीवर तिन्ही थर ताणून बसवायचे, कापड जागचे हलवायचे नाही, यंत्राचे डोकेच दोन मुठींनी धरून कापडावरून फिरवायचे. हात बसलेली बाई कागदावर रेघोट्या ओढाव्यात तशी टाक्यांची नक्षी काढते. महिन्यांचे काम काही तासांवर येते. पण यंत्र हजारो डॉलरांचे आणि ठेवायला अख्खी खोली लागते, म्हणून गावात ते असलेली बाई एखादीच असायची. टॉप शिवायची हौस मात्र घरोघर. कपाटांत शिवून पडलेले आणि पुढे काही न झालेले टॉप या देशात किती असतील याची मोजदाद नाही. रॉबर्ट्सबाईंच्या संस्थेने या दोन प्रकारच्या बायकांची गाठ घालून दिली. टॉप शिवणारीने मागणी नोंदवायची, संस्थेने लाँगआर्मवालीचा पत्ता द्यायचा. टॉप आणि अस्तर पोस्टाने तिच्याकडे जाते, टाके घालून परत येते, मग पहिलीने कडेला गोट लावायचा. दोघी एकमेकींना जन्मात भेटत नाहीत. एक ओहायोत, दुसरी ओरेगनात.

पहिली क्विल्ट नोव्हेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात एका तरुण सैनिकाला देण्यात आली. तो मिनेसोटाचा होता आणि इराकमध्ये त्याचा एक पाय गेला होता. रुग्णालयाचे दार उघडून दिले ते तिथले लष्करी धर्मगुरू जॉन कॅलरसन यांनी. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. लष्करी रुग्णालयात बाहेरच्या कोणीही पिशवी घेऊन शिरायचे आणि खाटेखाटेला काही वाटत सुटायचे, असे चालत नाही. क्विल्टने जखमी माणसाला आराम वाटेल हे आतल्या माणसाला पटले म्हणून पुढचे सगळे घडले. वॉल्टर रीडनंतर क्विल्ट जर्मनीत लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. इराक आणि अफगाणिस्तानातून उचललेला जखमी सैनिक अमेरिकेत येण्याआधी या ठिकाणी थांबे. अंगावरचा गणवेश जखमा पाहण्यासाठी कापून काढलेला, सामान मागे तुकडीत राहिलेले. रुग्णालयाच्या झग्याखेरीज त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काहीच नसे. अशा वेळी एक रंगीत, जाडसर, कुणीतरी घरी शिवलेले पांघरूण त्याच्या मालकीचे व्हायचे, आणि ते घरी न्यायचे असायचे. रुग्णालयाला परत करायचे नसायचे.

संस्थेचे नियम पहिल्यापासून कडक आहेत आणि त्यांवरून कुरबुरीही होत असतात. रॉबर्ट्सबाईंचा आग्रह असा होता, की ही क्विल्ट दानधर्माची दिसता कामा नये. घरात उरल्यासुरल्या चिंध्या होत्या, त्या जोडून दिल्या, हे चालायचे नाही. कापड चांगल्या प्रतीचे सुती हवे. तिन्ही थर टाक्यांनी शिवलेले हवेत, जागोजागी दोऱ्याच्या गाठी मारून धरलेले नकोत. आणि ती मासिके वाटावीत तशी वाटून टाकायची नाही, नाव घेऊन, समारंभाने, हातांनी अंगावर घालायची.

हा आग्रह कुठून आला हे समजायला जरा मागे जावे लागते. अमेरिकेत सैनिकांसाठी क्विल्ट शिवायची रीत जुनी आहे. यादवी युद्ध सुरू झाले त्या वर्षी, जून १८६१ मध्ये, उत्तरेकडे सैनिकांच्या मदतीसाठी ‘सॅनिटरी कमिशन’ स्थापन झाले. सरकारी गोदामांत पुरेशी ब्लँकेटे नव्हती. कमिशनने गावोगावच्या बायकांना आवाहन केले, त्यात माप दिलेले होते : स्वस्त कापडाच्या, सुमारे सात फूट लांब आणि पन्नास इंच रुंद. इस्पितळातल्या अरुंद खाटेचे हे माप. बायकांनी पलंगावरच्या मोठ्या क्विल्ट कापून या मापाच्या केल्या आणि पाठवल्या. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैनिकांकडे अडीच लाखांवर क्विल्ट आणि रजया गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या आज उरल्या आहेत फारच थोड्या. वापरून विरल्या, चिखलात राहिल्या, कितीतरी मेलेल्या सैनिकाला लपेटून मातीत गेल्या. जी वस्तू वापरायलाच पाठवली ती उरली नाही, याबद्दल तक्रार करायचे कारण नाही.

उरलेल्यांतली एक वॉशिंग्टनमध्ये स्मिथ्सोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. मेन राज्यातल्या ऑगस्टा गावच्या सुझॅना पुलन या बाईने रविवारच्या शाळेतल्या आपल्या वर्गातल्या मुलींना हाताशी धरून ती १८६३ मध्ये केली. ठोकळ्याठोकळ्यांवर शाईने मजकूर लिहिलेला आहे. बायबलमधली वचने आहेत, कोडी आहेत, तब्येत सांभाळायचे सल्ले आहेत, आणि शिवणाऱ्यांची नावे आहेत. शिवाय पुलनबाईंनी त्यावरच लिहून ठेवले आहे, की जो कोणी सैनिक ही पांघरील त्याने आम्हांला पत्र पाठवावे, निदान आपले नाव-गाव तरी कळवावे, आम्ही उत्तर देऊ. रुग्णालयांतून सैनिकांची पत्रे आली. कुठल्याशा खाटेवर पडलेला, ताप आलेला माणूस पांघरुणावरची कोडी सोडवतो आहे, हे चित्र मला सॅनिटरी कमिशनच्या सगळ्या अहवालांपेक्षा अधिक काही सांगते.

म्हणजे शिवणारीने आपले नाव घालायचे आणि पांघरणाऱ्याचे नाव विचारायचे, ही कल्पना रॉबर्ट्सबाईंच्या आधी एकशेचाळीस वर्षांची. त्यांनी तिचा नियम केला. आज प्रत्येक क्विल्टच्या मागल्या कोपऱ्यात शिवलेले लेबल असावेच लागते. त्यावर ती कोणासाठी, टॉप कोणी जोडला, टाके कोणी घातले, कुठल्या गावी, हे लिहिलेले असते. लेबल नसेल तर बाकी सगळे कितीही सुंदर असो, क्विल्ट पुढे जात नाही. सुरुवातीला मला हा कारकुनी हट्ट वाटायचा. सरकारी फॉर्मवर सही राहिली म्हणून परत पाठवतात तसा. आता वाटत नाही.

गाठींच्या नियमाबद्दल मात्र माझे मन अजून पूर्ण वळलेले नाही. लुथरन वर्ल्ड रिलीफ ही संस्था १९४५ पासून मदतकार्य करते आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या युरोपला कपडे-पांघरुणे पाठवण्यापासून तिची सुरुवात झाली. चर्चच्या तळघरात बसून म्हाताऱ्या बायका तिच्यासाठी साठ बाय ऐंशी इंचांच्या क्विल्ट बांधतात, आणि त्या बहुतेक गाठी मारलेल्याच असतात. जुने पडदे, चादरी, पँटी, जे मिळेल ते. एका दुपारी चार-पाच होतात. गठ्ठे बांधून जहाजाने निर्वासितांच्या छावण्यांकडे रवाना होतात. तिथे त्यांचे पांघरूण होते, दाराचा पडदा होतो, सावलीचे छत होते, सामान बांधायचे गाठोडे होते. छावणीत थंडीने कुडकुडणाऱ्या पोराच्या आईला टाक्यांची नक्षी पाहायला सवड नसते, तिला आज रात्री काहीतरी हवे असते. तेव्हा गाठीची क्विल्ट हलकी असे कोणी आमच्या गटात म्हणाले, की मी गप्प बसत नाही. आपल्याकडच्या वाकळीला कोणी दर्जाचा शिक्का मारला होता का? पण दोन्ही संस्थांची कामे वेगळी आहेत हे खरे. एकीला संख्या गाठायची असते. दुसरीला एका माणसाला सांगायचे असते, की हे तुझ्यासाठी, तुझे नाव ठाऊक असताना, वेळ काढून केले आहे.

बाकीचे नियम व्यवहाराचे आहेत. माप साठ बाय ऐंशी इंचांच्या आसपास. फार लहान नको, कारण सहा फुटी माणसाचे पाय उघडे पडतात, फार मोठी नको, कारण चाकाच्या खुर्चीत ती चाकांत अडकते. लाल, पांढरा, निळा हे रंग सक्तीचे नाहीत, पण ताऱ्यांच्या नक्षीला बायका काही कंटाळत नाहीत. देण्याआधी क्विल्ट धुतलेली असावी. या शेवटच्या नियमामागे लाल रंगाचे दुखणे आहे. लाल सुती कापड पाण्यात गेले की रंग सोडते आणि शेजारचा पांढरा तारा गुलाबी होतो. त्यामुळे मुरलेल्या बायका लाल कापड कापण्याआधीच त्यावर ओला पांढरा रुमाल घासून पाहतात. खण आणि इरकलीच्या अनुभवातून आलेल्या आमच्या बायकांना हे कोणी शिकवावे लागले नाही. उलट त्यांनीच गटातल्या दोघी-तिघींना मिठाच्या पाण्याचा उपाय सांगितला. तो फारसा चालत नाही, पण ऐकून घेतात.

संस्था सुरू झाली ती इराकमध्ये जखमी झालेल्यांसाठी. पुढे तिने दार मोठे केले, आणि माझ्या मते तिच्या इतिहासातले हे खरे वळण. आता युद्धाची झळ लागलेल्या कोणाही सैनिकाला, आजच्या किंवा माजी, क्विल्ट मिळू शकते. तो कुठल्या युद्धात होता, किती जखमी झाला, बंदूक चालवली की ट्रक, हे पाहत नाहीत. कोणीही कोणाचेही नाव सुचवावे. मुली वडिलांचे सुचवतात, नातू आजोबांचे. या मोठ्या दारातून सर्वांत जास्त कोण आले असतील तर व्हिएतनामवाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांच्या मिरवणुका निघाल्या होत्या. व्हिएतनामहून पोरे एकेकटी, विमानाच्या तिकिटावर परत आली आणि गणवेश कपाटात टाकून कामाला लागली. देशाला ते युद्ध विसरायचे होते, त्यात हेही विसरले गेले. युद्धामुळे मनाला होणाऱ्या इजेला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आज आपण ज्याला पीटीएसडी म्हणतो ते नाव मिळाले १९८० साली, म्हणजे युद्ध संपल्यानंतर पाच वर्षांनी. व्हिएतनाममध्ये सुमारे अकरा हजार अमेरिकन लष्करी स्त्रियाही होत्या, बहुतेक परिचारिका. त्यांतल्या कित्येकींनी आपण तिथे होतो हे शेजाऱ्यांनाही सांगितले नव्हते. ही माणसे आता सत्तरी ओलांडलेली आहेत.

गावातल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या सभागृहात झालेला एक कार्यक्रम मला नीट आठवतो. लाकडी खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीची मोठी किटली, भिंतीवर झेंडे. दोघी क्विल्टची दोन टोके धरून ती उभी पसरतात म्हणजे सगळ्यांना दिसते. मग नाव पुकारतात, तो कुठे आणि कधी होता ते वाचतात, आणि दोघी मागून येऊन ती त्याच्या खांद्यांवर घालतात. एवढेच. भाषण नाही. त्या दिवशीचा माणूस दुधाच्या धंद्यातला शेतकरी होता, उंचापुरा, डोक्यावर टोपी, हात कुठे ठेवावेत ते त्याला समजेना. बायकोकडे पाहून तो पुटपुटला, की एवढ्यासाठी कशाला तसदी घेतली. मग खाली बसल्यावर त्याने क्विल्टचा कोपरा उलटा केला आणि लेबल वाचू लागला. टॉप आमच्यातल्या एकीने जोडलेला होता. तिचे आडनाव त्याने तीनदा म्हणून पाहिले, तिसऱ्यांदा जवळजवळ जमले. कार्यक्रमानंतर तो तिला शोधत आला आणि विचारले, की तुमच्या देशातही अशा करतात का. तिने आपल्या आजीच्या गोधडीचे सांगितले. तो म्हणाला, माझी आजीही पिठाच्या पोत्यांच्या कापडाची करायची. मग दोघे बराच वेळ पोत्यांबद्दल बोलत उभे राहिले, व्हिएतनामचा विषय निघाला नाही.

संस्थेचे कार्यालय आज आयोवात विंटरसेट नावाच्या गावी आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मॅडिसन काउंटीचे झाकलेले पूल पाहिले आहेत, ते याच भागात. जॉन वेन हा नटही इथे जन्मला. पण क्विल्ट करणाऱ्यांच्या लेखी विंटरसेट मेरियन फॉन्सचे. १९७६ साली, देशाच्या दोनशेव्या वर्षी, जुन्या कलांची आठवण होऊन अमेरिकेत क्विल्टची लाट पुन्हा आली. तेव्हा विंटरसेटला क्विल्टच्या एका वर्गात मेरियन फॉन्स आणि लिझ पोर्टर या दोन तरुण बायका भेटल्या. पुढे दोघींनी पुस्तके लिहिली, मासिक काढले, सार्वजनिक दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केला, आणि देशातल्या लाखो बायकांना घरबसल्या शिकवले. फॉन्सबाईंनी आपले वजन क्विल्ट्स ऑफ व्हॅलरच्या मागे उभे केल्यावर संस्थेची ओळख एकदम वाढली. स्वप्न पडलेली बाई आणि पोच असलेली बाई वेगवेगळ्या असाव्यात आणि दोघी वेळेवर मिळाव्यात, हे संस्थांच्या नशिबात क्वचित असते. किती मंडळे पहिल्या बाईवरच संपतात हे आपण पाहिले आहे.

विंटरसेटहून आता राज्याराज्यांतल्या समन्वयकांचे आणि शेकडो स्थानिक गटांचे काम चालते. प्रत्येक क्विल्टची नोंद होते. शिवण येत नसलेल्यांना जोडीला शिकवणारी बाई देण्याची एक योजना आहे. कापड कंपन्या मदत करतात. तरी मुख्य खर्च शिवणाऱ्यांच्याच पाकिटातून होतो. चांगले सुती कापड वाराला बारा-पंधरा डॉलर, अस्तरालाच चार-पाच वार लागते, वर कापसाचा थर, दोरा, पोस्टेज. घरी हिशेब विचारला तर बायका उत्तर देत नाहीत.

आपल्यातले काही जण विचारतात, हे युद्धाला पाठिंबा देणे नाही का? प्रश्न चुकीचा नाही. इराकचे युद्ध कशासाठी झाले याबद्दल आमच्या गटात एकमत नाही आणि होणारही नाही. एकीचा मुलगा फौजेत आहे, दुसरी २००३ साली युद्धाविरुद्धच्या मोर्चात होती; दोघी एकाच इस्त्रीने कापड दाबतात. संस्था युद्धांबद्दल काही बोलत नाही, आणि मला वाटते तिने बोलू नये. पाठवणारे कोण होते आणि गेले कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. साताऱ्याकडच्या लेकीसुनांना हे समजावावे लागत नाही. अपशिंग्यासारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत आहे, आणि तिथल्या बायकांनी कुठले युद्ध योग्य हे ठरवून डबे बांधलेले नाहीत. तरी एक रुखरुख मला आहे, ती लिहून ठेवते. समारंभ सुंदर होतो, फोटो निघतात, आणि मग माजी सैनिकाच्या औषधपाण्याची, नोकरीची, निद्रानाशाची गोष्ट तशीच राहते. क्विल्टने ते सुटेल असे संस्थाही म्हणत नाही. पण फोटो पाहणाऱ्यांना तसे वाटून जाते.

आमच्या बायका या गटात कशा गेल्या ते साधे आहे. एकीने वाचनालयात लावलेली जाहिरात पाहिली. पहिल्या दिवशी गटप्रमुख बाईंनी टाचणीसारखे प्रश्न विचारले : पाव इंचाची शिवण सरळ येते का, इस्त्री कशी करता, कापड आधी धुता का. हाताने धावदोरा घालून केलेली चालेल का असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, चालेल, हाताची असो की यंत्राची, पण अर्धवट सोडायची नाही. दोघींनी ते मनावर घेऊन एक पूर्ण हाताने टाचली. ती करायला त्यांना अख्खा हिवाळा लागला. मध्यभागी चौकोनात चौकोन, बाहेरून आत येणारे टाके, अगदी आपल्याकडे घालतात तसे. ती कोणाला गेली ते लेबलावर आहे, इथे लिहायचे कारण नाही.

फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी देशभरचे गट एकाच दिवशी शिवायला बसतात. बर्फ पडत असले तरी आमचा गट बसतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी मंडळाच्या चिटणीसांकडे नाव द्यावे. शिवण येत नसेल तरी चालते. सुरुवातीला कापड कापायला, इस्त्री करायला आणि टाचण्या उचलायला माणसे कमीच पडतात, आणि पुरुषांनी ती कामे केली तर कोणी नावे ठेवत नाही. शिवणयंत्र असेल तर घरून आणावे, सोबत सुया जास्तीच्या, आणि एक्स्टेंशन कॉर्ड, कारण त्या सभागृहात प्लग दोनच आहेत आणि एक कॉफीच्या किटलीने अडवलेला असतो.